मंडळात असतं तरी काय

बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली होती आणि मी त्या बाईला म्हणत होतो, हात सैल सोडा ताई, हात सैल सोडा. तेवढ्यात आमची उजू कॉलेजातनं आली. एक लांबुडकं पाकीट माझ्या शेजारच्या खोक्यावर ठेवलं आणि आत जायला लागली.

मी म्हणलं, "काय गं ते?"

"कॉलेजचं आहे. सवडीनं बघा."

आता बांगडी अडलेली असताना कासारानं दुसरीकडं बघायचं नसतं. काच आहे ती. मी बांगडी चढवली, बाईचा दुसरा हात घेतला आणि बायकोला हाक मारली. इंदू भांडी टाकून आली, पदराला हात पुसले, पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी चौथीत शाळा सोडलेला, ती सातवी पास. त्यामुळं घरातलं सगळं वाचन तिच्याकडं, आणि ते ती मला कधी विसरू देत नाही.

कॉलेजात म्हणे गुणवंत मंडळ असतं. सगळ्या कॉलेजातनं दर वर्षी पाच-सहा पोरं निवडतात. यंदा त्यात कुमारी उज्ज्वला रंगनाथ वेळापुरे. इंदूनं नाव परत एकदा वाचलं. मग त्या बाईनं सांगितलं म्हणून आणखी एकदा वाचलं.

बाई म्हणाली, "मंडळ म्हणजे गणपतीचं का?"

"गणपतीचं कसलं," इंदू म्हणाली, "हुशार पोरांचं आहे."

"ते कळलं. पण करतात काय त्यात?"

इंदूनं कागद उलटा करून बघितला. मागं कोरा होता. पुढं लिहिलेलं एवढंच, की निळा कोट शिवायचा, दर रविवारी सकाळी बैठक असते, बैठकीला यावंच लागतं, आणि यायचं का नाही ते आठवड्याच्या आत घाटगे मॅडमना कळवायचं.

दर रविवारी म्हणल्यावर माझं डोकं फिरलं.

रविवार म्हणजे आमच्या गावचा बाजार. उधारीची वही इंदूकडं, म्हणून त्या दिवशी ती दुकानावर बसायची, आणि मी अन् उजू लग्नाच्या घरी चुडे भरायला खेड्यांवर जायचो. पूर्वी मी एकटाच जात होतो. पण हल्लीच्या नवऱ्यामुली पुरुषमाणसाच्या हातात हात द्यायला लाजतात, तोंड फिरवून बसतात, हात लाकडासारखा करतात. उजू पुढं बसली की तसं व्हायचं नाही. तिचा हात हलका. लोक निरोपच तसा धाडायला लागले, की कासाराच्या पोरीला घेऊन या. ती आली नाही तर ती घरं वरच्या आळीतल्या दगडू कासाराकडं जाणार. त्याच्या दोन्ही सुना बांगड्या भरतात, आणि तो टपूनच बसलेला.

म्हणजे रविवार द्यायचा तो असा सोपा नव्हता. मी काही पोरीच्या वाटेत आडवा येणारा बाप नाही. पण रविवार घेऊन देणार काय, तेवढं तरी कळू द्या ना. बाजारातली भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी सोडून दाखवते.

जेवताना मी उजूला विचारलं. ती म्हणाली, मान असतो. मी म्हणलं, मानाचं करायचं काय? तर म्हणाली, फळ्यावर नाव लागतं. मी म्हणलं, तुझं नाव अख्ख्या तालुक्याच्या बायकांना माहिती आहे, फळा कशाला पाहिजे? ती भात कालवायला लागली. उजू आधीच कमी बोलायची. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करणार नाही.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"बघा तुम्हीच."

हे असं बोललं की माणसानं काय समजायचं सांगा.

दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घातला आणि सायकल मारत कॉलेजवर गेलो. ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, मंडळ घाटगे मॅडमकडं, आणि मॅडमच्या मुलीचं लग्न निघालंय म्हणून त्या पुण्याला साड्या घ्यायला गेल्यात. मग कुणाला विचारू? तर म्हणाला, सोनटक्के सरांना विचारा, तेही असतात त्यात.

सोनटक्के सर माणूस भला. खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि बोलायला लागले. व्यक्तिमत्त्व, नेतृत्व, व्यासपीठ. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होतो. थांबले तसं म्हणलं, "सर, ते सगळं बरोबर. पण पोरं रविवारी जमून करतात काय?"

"त्यांना व्यासपीठ मिळतं ना."

"त्यावर चढून काय करतात?"

सरांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. म्हणाले, "वेळापुरे, तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे."

"अभिमान घरी भरपूर आहे हो सर. मी रविवारचं विचारतोय."

तेवढ्यात घंटा झाली आणि सर सुटले. मीही उठलो. चहा तेवढा चांगला होता.

मग कुणीतरी सांगितलं, दोशींचा पोरगा अभिनंदन मंडळात होता. दोशी म्हणजे पेठेतलं साड्यांचं दुकान. गेलो. गादीवर अभिनंदन बसलेला, आणि त्याच्या डोक्यावर, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, मंडळाचं सर्टिफिकेट काच लावून टांगलेलं. म्हणलं, चला, इथं तरी कळंल. हा आत राहून आलेला माणूस.

"काका, या," म्हणाला. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, तुम्ही तिथं काय करायचा?

"बैठक घ्यायचो."

"बैठकीत काय?"

तो विचार करायला लागला. चांगला वेळ विचार केला बिचाऱ्यानं. मग म्हणाला, "पुढची बैठक कधी घ्यायची ते ठरवायचो." आणि त्याचं त्यालाच हसू आलं. पुढं म्हणाला, पाहुणे आले की त्यांना गुलाबाचं फूल द्यायचं काम मंडळाकडं असायचं. एका वर्षी पाहुणे आलेच नाहीत, मग फुलं आम्हीच घरी नेली.

"नोकरीबिकरीला उपयोग?"

"काका, मी वडिलांच्या दुकानात बसतो. मला कोण विचारणार?"

"आणि तो कोट?"

"आहे की. बटणं लागत नाहीत आता."

"मग उजूला धाडू का नको, ते सांग."

"धाडा ना. एवढं बोलावलंय, नाही म्हणलं तर बरं दिसत नाही."

मी दुकानाच्या पायऱ्या उतरलो ते चिडूनच. अख्ख्या गावात या मंडळाला वाईट म्हणणारा कुणी नाही आणि ते कशाला आहे हे सांगणाराही कुणी नाही. बरं दिसत नाही म्हणून मी माझे रविवार द्यायचे आणि लग्नाची घरं दगडूच्या घशात घालायची?

घरी आलो आणि सांगून टाकलं, की काही गरज नाही. मंडळात काही नसतं. गुलाबाची फुलं वाटायला आपली पोरगी रिकामी नाही.

इंदू माझ्यावर तुटून पडली. सगळ्या गावात आपल्या पोरीला निवडली, आणि तुम्ही चौकशा कसल्या करत फिरताय, सोयरीक जमवायची आहे का मंडळाशी? तुम्हाला रविवारी पोरगी हाताशी पाहिजे, म्हणून ही नाटकं. मी म्हणलं, पाहिजेच आहे, त्यात खोटं काय? तुझ्या माहेरचे येणार आहेत का चुडे भरायला? मग माहेर निघालं म्हणल्यावर ते भांडण बराच वेळ चाललं. आमच्यात तसंच आहे.

उजू स्वयंपाकघराच्या पडद्याआड होती. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत चूल, मध्ये पडदा, एवढंच आमचं घर. सगळं तिच्या कानावर पडतच होतं. पडदा सारून म्हणाली, "नको तर नको. भांडू नका."

"अगं पण तुला पाहिजे का, ते तर बोल."

"उगीच दाखवलं ते पत्र मी."

"उगीच कसं? काहीतरी असंल ना मनात?"

तिनं माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता बोलंल. तर दुकानात दोन बायका आल्या आणि एकीनं हिरव्या रेशमी बांगड्यांचं माप विचारलं. उजूनं त्यांचे हात बघितले, फळीवरनं खोकं काढलं आणि भरायला बसली. झालं. नंतर दोन दिवस पोरगी घरात असून नसल्यासारखी. विचारावं तेवढंच उत्तर. मला ते भांडणापेक्षा वाईट. भांडणात निदान समोरच्याला काय पाहिजे ते कळतं.

तेवढ्यात घाटगे मॅडमकडनंच बोलावणं आलं. लग्न तोंडावर आलं होतं, नवरीचा आणि घरातल्या बायकांचा चुडा भरायचा होता. उजू म्हणाली, मॅडमच्या घरी मी येत नाही, माझा तास आहे. मग दुकानाच्या फळ्या लावल्या आणि मी अन् इंदू गेलो.

बंगला मोठा. हॉलात सतरंजी टाकलेली, बायका गोल बसलेल्या. नवरीला आणि पोरीबाळींना इंदूनं घेतलं. मॅडमचा हात मी घेतला, कारण हात कठीण होता. रुंद पंजा, आखूड अंगठा. असे हात माझ्याकडंच येतात.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बांगडी भरताना बाईला बोलतं ठेवावं लागतं. गप्प बसली की तिचं सगळं ध्यान हाताकडं, आणि हात आखडतो. म्हणून आम्ही विचारत राहतो, माहेर कुठलं, पोरं काय करतात, सासू कशी आहे. बोलण्यात रमली की हात आपोआप सैल. पण बोलताना बाई नुसतं वरवरचं, पाठ केलेलं बोलायला लागली, की बोटं परत ताठ. हे कुणी शिकवलेलं नाही, हाताला कळतं. आणि मोठी सोय म्हणजे, बांगडी निम्मी चढल्यावर तिला उठून जाता येत नाही.

मी पहिल्या दोन बांगड्या भरल्या. तिसरी हाडापाशी आणली आणि म्हणलं, "मॅडम, आमच्या उजूला तुमच्या मंडळात घेतलंय. त्यात असतं तरी काय?"

"अहो, फार चांगलं आहे. मुलांच्या व्यक्तिमत्त्वाला..."

बोटं ताठली.

"मॅडम, हात सैल सोडा. लग्नाचं घर आहे, काच वाढंल." लग्नाघरी काच फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण ती वाढायला कुणालाच नको असते.

"मुलांना एक व्यासपीठ..."

"सैल सोडा मॅडम. ते व्यासपीठ सोनटक्के सरांनी सांगितलंय मला. अजून घरी नेऊन ठेवलं नाही मी ते."

मॅडम एकदम हसल्या. शेजारच्या बायकाही हसल्या. आणि हात असा सैल झाला, की बांगडी तेल लावल्यासारखी गेली.

"खरं सांगू का वेळापुरे?" मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या. "काही नसतं त्यात. आधीच्या प्राचार्यांनी हौसेनं काढलं. आता बंद कुणी करायचं, म्हणून चालू आहे. दुसरं कुणी घेत नाही, म्हणून माझ्या गळ्यात."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं होतं. आणि मी इंदूकडं बघितलं, की बघ, ऐकलंस का.

"मग नाहीच म्हणतो आम्ही," मी म्हणलं.

"नाही म्हणताय?" मॅडमना नवल वाटलं. "उज्ज्वलाला तर यायचं होतं. पत्र दिलं त्याच दिवशी ती माझ्याकडं येऊन गेली. बाकीची मुलं कोट कुठं शिवायचा विचारत होती. हिनं एकच विचारलं."

"काय?"

"मंडळाची खोली संध्याकाळी उघडी असते का."

खोली कसली, ते मला माहीतच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मागच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली आहे मंडळाला. टेबल, खुर्च्या, एक दिवा. किल्ली मुलांकडंच असते, पण कुणी फिरकत नाही, सगळ्यांच्या घरी खोल्या आहेत. लायब्ररी कॉलेजबरोबरच बंद होते, ही खोली मात्र शिपाई गेट लावीपर्यंत वापरता येते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

आता गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात. तेव्हा आमच्या गावात तसलं काही नव्हतं.

"मी म्हणलं तिला, तुझीच आहे असं समज," मॅडम सांगत होत्या. "तर जाताना परत मागं वळून विचारते कशी, मॅडम, आतनं दार लावून घेता येतं का."

मॅडमचा हात माझ्या हातात अगदी सैल होता. तरी ती बांगडी माझ्या हातात वाढली.

बायका म्हणाल्या, असू दे, असू दे, होतं असं. इंदूनं काचा वेचल्या, पुडीत बांधल्या. मी नवी बांगडी काढली आणि राहिलेला हात पुरा केला. रिवाजाप्रमाणं मॅडमनी कासाराला म्हणून वाकून नमस्कार केला, आणि मी सौभाग्यवती व्हा म्हणलं का नाही ते मला आठवत नाही.

वाटेनं इंदू काचांची पुडी मुठीत धरून चालत होती. पेठेच्या वळणावर आल्यावर म्हणाली, "दारच कुठं आहे आपल्याकडं."

घरी आलो तर उजूनं फळ्या काढून दुकान उघडलं होतं. बाजारच्या आदल्या दिवसाची गर्दी. ती खोक्यांच्या थप्पीला टेकून बसलेली, गुडघ्यावर पुस्तक. एक बाई तिच्याच डोक्यावरनं दुसरीशी सुनेच्या कागाळ्या करत होती. तिसरी म्हणाली, उजे, तुझ्या मागचं ते पिवळं खोकं दे गं. उजूनं पानात बोट ठेवलं, उठली, खोकं दिलं, बसली, आणि पुस्तकात परत ती ओळ शोधायला लागली. ओळ सापडती ना सापडती, तोवर लाल खोकं. हे मी रोज बघत होतो. रोज बघत होतो म्हणजे काय, मीच तिला खोकी मागत होतो.

गर्दी ओसरल्यावर मी म्हणलं, "त्या मंडळाला हो म्हणून सांग."

"तुम्हीच म्हणालात ना, त्यात काही नसतं."

"नसतंच. सगळ्या गावाला विचारून आलोय. जा तरी."

"आणि लग्नाची घरं?"

"ते मी बघतो. तू कोटाचं माप देऊन ये."

ती माझ्याकडं बघत राहिली. मॅडम काय बोलल्या ते मी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

मंडळ निघालं अगदी दोशींच्या पोरानं सांगितलं तसंच. पहिल्या रविवारी बैठक झाली, त्यात दुसऱ्या रविवारचं ठरलं. मध्ये एक समारंभ झाला, त्याला आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. पाहुणे इतका वेळ बोलले की इंदू माझ्या खांद्यावर झोपली. उजूनं निळा कोट घालून त्यांना गुलाबाचं फूल दिलं. तिच्या चेहऱ्यावरनं कळत होतं, की तिलाही ते फूल कुठंतरी टाकून द्यावंसं वाटतंय. आणि तिकडं त्या हंगामात माझी कायमची घरं एकेक करून दगडूच्या सुनांनी नेली. बाजारात भेटला की दगडू मुद्दाम विचारायचा, पोरगी कुठं आहे हल्ली? माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू, कधीकधी तिच्यावरही व्हायचा.

असंच एकदा दिवस मावळायला इंदूचा भाऊ आला. पोरीला बघून लगेच निघायचं म्हणत होता. उजू कॉलेजातनं यायची होती. मी सायकल काढली आणि आणायला गेलो.

कॉलेज सुनं पडलं होतं. मागच्या इमारतीकडं वळलो तर कुणीतरी बाई मोठमोठ्यानं बोलत होती. चांगला खणखणीत आवाज. मध्येच थांबायची, तेच वाक्य परत म्हणायची, आणखी जोरात. मागणी वाढली की किंमत वाढते, असलं काहीतरी. येरझाऱ्या घालत असावी, आवाज जवळ यायचा, लांब जायचा. मला वाटलं, जादा तास चालू आहे.

पायरीवर शिपाई रेडिओ कानाला लावून बसला होता. मी विचारलं, "कोण मॅडम शिकवतात हो?"

"मॅडम कसल्या," तो वैतागून म्हणाला. "पोरगी आहे एक, मंडळातली. रोज हेच. आत जाते, दार लावून घेते, आणि ओरडत बसते. बातम्या ऐकू देत नाही."

मी जिन्याखालच्या दाराकडं बघितलं. फटीतनं उजेड येत होता.

घरी उजू ओठसुद्धा न हलवता वाचायची. पै-पाहुण्यांना मी सांगायचो, आमची पोरगी अबोल आहे, आईवर गेली नाही. आणि आत ती कुणाला तरी दटावून समजावून द्यावं तशी वाचत होती. मध्ये चुकली आणि स्वतःशीच मोठ्यानं हसली. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

मेहुणा घरी ताटकळत होता. पण माझ्यानं हाक मारवली नाही. मी सायकल भिंतीला लावली आणि शिपायाच्या शेजारी पायरीवर बसलो.

"तुमची कोण लागते?" त्यानं विचारलं.

"पोरगी."

"मग सांगा की तिला. जरा हळू वाच म्हणावं."

मी म्हणलं, "तुम्ही रेडिओ मोठा करा."